चाकामागची ओल

प्रीमियर पद्मिनीचं पुढचं चाक काढून मडगार्डच्या आत टॉर्च मारली की गाडीचा सगळ्यात कष्टाळू कोपरा दिसतो. वरचा आर्म, खालचा आर्म, कॉइल स्प्रिंग, आणि हे सगळं ज्याच्या आधाराने उभं आहे ते माउंटिंग. हे माउंटिंग म्हणजे मुळात पत्राच. फियाटने १९५३ साली ११००/१०३ आणली तेव्हा वेगळी चेसिस ठेवलीच नाही. दुमडून पेट्या केलेला, ठिकठिकाणी स्पॉट वेल्ड मारलेला पत्रा हाच गाडीचा सांगाडा झाला. त्याच कुळातली ११०० डिलाइट १९६४ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं.

गाडी साधारण नऊशे किलोंची. म्हणजे पुढच्या एकेका चाकावर सव्वादोनशे किलोंच्या आसपास भार. पण अशा रचनेत स्प्रिंग थेट चाकावर बसत नाही, आर्मवर अलीकडे बसते. तरफेचा नियम इथे उलटा पडतो. स्प्रिंग आर्मच्या निम्म्या लांबीवर असेल तर तिला दुप्पट जोर लावावा लागतो, आणि तेवढ्याच जोराने ती माउंटिंगचा पत्रा वर रेटते. साडेचारशे किलो, तेही गाडी नुसती उभी असताना! पालघर–मनोर रस्त्यावर पावसाळ्यातला एखादा खड्डा लागला की क्षणभर हा आकडा कितीतरी वाढतो. वाकवलेला पत्रा हे पन्नास पन्नास वर्षं सोसतो याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं. खड्ड्याला तो पुरून उरतो. त्याला खातो तो इथला वारा.

सातपाटी, केळवे, चिंचणी, तारापूर या सगळ्या किनाऱ्यावर लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यालगत त्यांचा मारा सर्वांत जास्त, पुढे तो झपाट्याने कमी होतो. पण गाडी रोज समुद्राच्या बाजूला जात असेल तर चाकाने उडवलेल्या चिखलाबरोबर मीठ थेट मडगार्डच्या आत जाऊन बसतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं, तेच तिथे सुरू होतं. निव्वळ सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय पाझरत नाही. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर वाफ्यात जे कडू पाणी उरतं आणि वाळता वाळत नाही, ते त्याचंच. त्याला पाणी ओढायला ३३ टक्के आर्द्रता पुरते, आणि आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरच्या दुपारीसुद्धा हवा सहसा त्याहून दमट असते. म्हणजे आपल्याला कोरडी ठणठणीत दिसणारी गाडी त्या कोपऱ्यात वर्षभर ओलीच असते. कारखान्यांच्या पट्ट्यात या ओलीत सल्फर डायऑक्साइड उतरला तर ती आम्लधर्मीही होते आणि गंजाचा वेग वाढतो.

या ओलीत नेमकं काय चालतं हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात अगदी साध्या प्रयोगाने दाखवलं. घासून लखलखीत केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन द्रव्यं घालायची: लोखंड विरघळलं की निळं होणारं पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं, बारावीच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडेने गुलाबी कडं उमटतं! कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्याला तो कमी पडतो. या एवढ्याशा फरकातून थेंबाची बॅटरी होते. मध्यावरचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. जिथे हवा भरपूर तिथलं लोखंड वाचतं. जिथे ती पोचत नाही तिथलं झिजतं.

आता पुन्हा टॉर्च माउंटिंगवर. दोन पत्रे एकमेकांवर चढवून वेल्ड केलेत, त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी आपसूक ओढलं जातं आणि तिथेच राहतं. ही फट म्हणजे त्या थेंबाचा मध्य. वरून रंग शाबूत असताना आतून पत्रा सडतो तो यामुळे. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती मिळाली नाही की तो पत्रे फाकवतो, आणि खड्ड्यांनी न तुटलेले स्पॉट वेल्ड आतून फुगणाऱ्या गंजाने तुटतात. म्हणून जाणता मेकॅनिक रंगाकडे बघत नाही, पेचकसाच्या मुठीने ठोकून ऐकतो. धड पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला बद्द.

वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने सुटी पापडी काढून रस्ट कन्व्हर्टर लावतात. त्यातलं टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळाकुळकुळीत, घट्ट थर बनवतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तिच्या काळेपणामागेही लोखंड आणि टॅनिनची हीच जोडी आहे. पण पत्र्याची ताकदच गेली असेल तर हा थर काही कामाचा नाही. कापावंच लागतं.

कापण्याआधी सांगाड्याला तात्पुरते आडवे अँगल मारून मोजमापं घ्यायची, डाव्या-उजव्या बाजूंचे कर्ण ताडून पाहायचे. वरच्या आणि खालच्या आर्मच्या बिजागऱ्यांमध्ये २५० मिलिमीटर अंतर धरलं, तर वरची बिजागरी एक मिलिमीटर सरकल्याने चाकाचा कल जवळपास पाव अंशाने बदलतो. तेवढ्याने टायर एका बाजूने झिजू लागतो.

इथे एक मोह होतो: एवीतेवी कापलंय तर चांगली जाडजूड प्लेट टाकू. माझं मत याच्या ठाम विरुद्ध आहे. जाड प्लेट वाकत नाही, आजूबाजूचा जुना पातळ पत्रा वाकतो. सगळा ताण प्लेटच्या काठावर येऊन साठतो आणि बरोबर वेल्डच्या रेषेत तडा जातो. तुकडा मूळच्या जाडीच्या जवळपास हवा, भार पसरावा म्हणून आकाराने मोठा, कोपरे गोल. आणि खरी सुधारणा पाण्याच्या वाटेत करायची: पेटीच्या सगळ्यात खालच्या टोकाला पाणी निचरायला भोक, सांध्यांवर सीम सीलर, चिखल साचेल असा एकही कप्पा नाही.

मग जस्त. याच किनारपट्टीतल्या बोईसरच्या ज्या हवेत लोखंड सडतं, तिथेच तारापूर एमआयडीसीत जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात जस्ताचा थर दिलेला पत्रा तयार होतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त उघड्या लोखंडाला राखतं. त्याचा झिजण्याचा वेगही किती कमी! आयएसओ ९२२३ या मानकातल्या सी-५ या अतिक्षरणाच्या वर्गात साधं पोलाद पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन झिजतं, जस्त ४.२ ते ८.४. जहाजांना जस्ताचे ठोकळे लावतात तसा एखादा गाडीला लावून मात्र भागत नाही. जहाज अख्खं पाण्यात असतं, म्हणून विजेचं वर्तुळ पुरं होतं. गाडीवरची ओल तुटक असते, म्हणून जस्त पत्र्यावर पसरलेलंच हवं. वेल्डिंगपूर्वी ते त्या पट्टीपुरतं घासून काढायचं, कारण जळत्या जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो. वेल्ड झाल्यावर उघड्या पडलेल्या जागेवर झिंक-रिच प्राइमर.

त्यावर रंग, आणि पेटीच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स. ते उन्हाच्या उबेने पातळ होऊन फटींमध्ये शिरतं, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये करावं. डांबरासारखं जाड अंडरकोटिंग गंजावरच फासणं मात्र सर्वांत वाईट. ते वाळून चिरतं, चिरेतून आत गेलेलं पाणी कोंडून धरतं आणि सडका भाग नजरेआड करतं.

आणखी एक गोष्ट, कागदपत्रांची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, पण चेसिस, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत. तेव्हा माउंटिंगचा तुकडा मूळ आकाराबरहुकूमच घडवावा, आणि कापण्याआधीचे, कापल्यानंतरचे, जोडल्यानंतरचे फोटो आरसी बुकाबरोबर जपून ठेवावेत.