टेबलावरचे दिएगो स्वारेझ

जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरायची, तिच्याखाली जाडजूड पुस्तके सरकवून टेकड्या करायच्या आणि हातात मोजपट्टी घेऊन बोटभर लांबीचे रणगाडे पुढे सरकवायचे, हा खेळ मोठ्या माणसांना शोभतो का, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले आहे. घरची मंडळी एवढेच विचारतात, की टेबल मोकळे केव्हा होणार? महाराष्ट्रात दिवाळीला मुले अंगणात मातीचा किल्ला बांधतात आणि त्यावर मावळे मांडतात, त्याला कोणी नावे ठेवीत नाही. आमचाही तोच प्रकार. फरक इतकाच, की त्या किल्ल्यावरचे मावळे जागीच उभे असतात आणि आमच्या टेबलावर लढाई होते.

या खेळाचे मूळ पोरखेळात नाही. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून, मध्ये पंच बसवून युद्धाचा खेळ खेळू लागले. इंग्लंडात एच. जी. वेल्स यांनी 1913 साली शिशाच्या सैनिकांचा घरगुती खेळ पुस्तकरूपाने आणला. त्यात खेळण्यातल्या तोफेतून लाकडी कांडी उडवून शिपाई पाडायचे! पुढे 1962 साली डोनाल्ड फेदरस्टोन यांचे पुस्तक निघाले आणि छंदाला खरा बहर आला. हे गृहस्थ महायुद्धात स्वतः रणगाडा पलटणीत होते. त्याच सुमारास एअरफिक्स कंपनीचे प्लास्टिकचे रणगाडे निघाले. सुटे भाग गोंदाने जोडायचे आणि रंगवायचे. त्या जुन्या संचांतले मऊ पट्टे आम्हांला अजून आठवतात. त्यांवर रंग म्हणून टिकत नसे, आणि दोन टोके जोडायला स्क्रू-ड्रायव्हर तापवून डाग द्यावा लागे. किती पट्टे आम्ही जाळले, याची गणती नाही.

रणगाडे तीन मापांत अधिक आढळतात. वॅलेंटाइन हा ब्रिटिश रणगाडा खरा साडेपाच मीटरांच्या आत-बाहेर लांब. एकास पस्तीस या मापात तो वीतभराहून थोडा कमी होतो. हे माप काचेच्या कपाटासाठी. जपानच्या तामिया कंपनीने ते रूढ केले, आणि तेही गणित करून नव्हे. मोटारीच्या दोन बॅटऱ्या आत मावाव्यात एवढा मोठा पँथर केला, मग मोजून पाहिले तर एकास पस्तीस भरले! एकास शहात्तर मापात वॅलेंटाइन सात सेंटिमीटरांचा होतो, आणि खेळायला हेच माप बरे. एकास तीनशे मापात तो नखाएवढा होतो. त्यात पलटणच्या पलटण टेबलावर मावते, पण आमच्या वयाच्या डोळ्यांना ते झेपत नाही.

आता अडचण पाहा. एकास शहात्तर मापाने जमीनही मांडायची म्हटली, तर एक किलोमीटरसाठी तेरा मीटर लांब टेबल हवे. म्हणून जमिनीचे माप निराळे ठरवावे लागते. आमच्याकडे एक सेंटिमीटर म्हणजे वीस मीटर. डोळ्यांना रणगाडा डोंगराएवढा दिसतो खरा, पण मन लवकरच सरावते.

वाळवंटातल्या लढाया सगळेच खेळतात. आम्ही मात्र आपल्या शेजारची निवडली. मादागास्कर तेव्हा विशी सरकारच्या फ्रेंचांकडे होते. तेथील दिएगो स्वारेझचे बंदर जपान्यांच्या हाती पडेल या धास्तीने ब्रिटिशांनी 5 मे 1942 रोजी पहाटे पश्चिम किनाऱ्यावर सैन्य उतरविले. बरोबर रणगाडे बाराच होते, सहा वॅलेंटाइन आणि सहा टेट्रार्क. चिंचोळी भूमी ओलांडून पूर्वेकडचे आन्तसिरान गाठायचे होते. वाटेत फ्रेंचांची खंदकांची जुनी रेषा होती आणि तिच्यामागे 75 मिलिमीटरच्या तोफा. रणगाडे पायदळाच्या पुढे धावले आणि त्या रेषेवर आपटले. वॅलेंटाइनचे चिलखत जाड जागी 65 मिलिमीटर, तर टेट्रार्कचे जेमतेम 14. शिवाय दोघांच्या दोन-पौंडी तोफेला त्या काळी सहसा भरीव गोळाच मिळे. दुसऱ्या रणगाड्याला भोक पाडायला तो ठीक, पण खंदकात दडलेल्या तोफेवर फुटणारा गोळा हवा. मोहीम संपली तेव्हा बारांपैकी चालते चार उरले होते, एक वॅलेंटाइन आणि तीन टेट्रार्क.

ही लढाई आम्ही प्रथम 1986 सालच्या सुटीत मांडली. टेट्रार्क आम्हांला मिळाले नव्हते, म्हणून पुठ्ठ्याचे केले. फ्रेंच तोफा खंदकांत उघड मांडल्या होत्या, आणि ब्रिटिशांकडचा आमचा भाचा लबाड! त्याने तोफांच्या माऱ्याबाहेरून वळसा घातला आणि चहा व्हायच्या आत आन्तसिरान घेतले. सर्वांनी टाळ्या पिटल्या. आम्हांला मात्र ते पटेना. त्या दिवशी रणगाड्यात बसलेल्यांना छपरावर टांगल्यासारखे सगळे रणांगण कोठून दिसणार? फटीतून जेवढे दिसेल तेवढेच त्यांचे जग. दुसऱ्या दिवशी फ्रेंच बाजूने तोफांच्या जागा कागदावर लिहून पंचाकडे दिल्या आणि टेबलावर काहीच ठेवले नाही. भाच्याचे सहा रणगाडे पाऊण तासात गेले. तेव्हापासून आमच्याकडे लपविलेल्या तोफांशिवाय डाव होत नाही. या छंदातली आमची समजूत म्हणाल तर एवढीच आहे, की दोन्ही बाजूंना सगळे दिसत असेल तर ती लढाई नव्हे, बुद्धिबळ झाले.

त्या दुसऱ्या डावाला आमचे एक चुलते खुर्ची ओढून बसले होते. ते युद्धकाळात मॉरिशसच्या पायोनियर तुकडीतून मिसर देशी गेले होते. भाच्याने मोडलेला रणगाडा टिचकीने उडवून पेटीत टाकला, तसे ते म्हणाले, "अरे, तो उचलला कोणी?"

"मेला ना तो, काका!"

"मेला म्हणून वाटेतून आपोआप जातो काय? आणि बाकीच्यांना पेट्रोल कोण घालतो रे? सकाळपासून पळवतोयस."

आम्ही गप्प. मग त्यांनी पत्र्याच्या चौकोनी डब्यांची हकीकत सांगितली. चार गॅलनचा डबा, पत्रा पातळ, सांधे कच्चे. लॉरीतून उतरवताना निम्मे गळत, कपडे भिजत, आणि जवळपास विडी पेटवायची चोरी. दिवसभर डबे उतरवायचे, रात्री पुन्हा भरायचे. "रणगाडा जवळून पाहिला तो असाच, उभा असलेला. पळताना आम्ही पाहिलाच नाही," असे म्हणून ते हसले. बेटावरचे कितीतरी लोक त्या युद्धाला गेले, पण त्यांच्या हाती बहुधा फावडे आणि डबाच होता. खेळण्यांच्या दुकानात रणगाड्यांच्या पेट्यांची रांग असते. डबा उचलणाऱ्या माणसाची पेटी आम्ही मागवायला गेलो, तर तोफा चालविणारे, बंदूक रोखणारे, दुर्बीण धरणारे सगळे मिळाले, तो मात्र नाही.

मग आम्हीच केला. बंदूकवाल्याच्या हातातली बंदूक कापून तेथे आगकाडीचा तुकडा चिकटवला. नियमही बदलला. सहा चाली झाल्या की रणगाडा थांबतो, आणि लॉरी व चार पायोनियर त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत हलत नाही. मोडलेला रणगाडा कापसाचा धूर लावून वाटेतच राहतो, मागच्याने वळसा घालावा. खेळ संथ झाला, हे कबूल. काही पाहुणे कंटाळून उठूनही जातात.

खऱ्या लढाईची कोंडी 6 मेच्या रात्री समुद्रातून फुटली. 'अँथनी' ही जुनी विनाशिका तोफांच्या तोंडासमोरून बंदरात घुसली, पन्नास नौसैनिक उतरवून गेली आणि फ्रेंचांच्या पिछाडीला गोंधळ उडाला. आमच्याकडे तिच्यासाठी दोन फाशांवर नऊ किंवा अधिक यावे लागतात. गेल्या डिसेंबरच्या डावात ब्रिटिश बाजू नातवाकडे होती. त्याला आठ पडले. तीन टेट्रार्क पेट्रोलविना उभे होते आणि लॉरी अजून दोन विती मागे. नातवाने फासे पुन्हा टाकू द्या म्हणून गळ घातली. पंचाने ऐकले नाही, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून चादर तशीच गुंडाळून ठेवावी लागली.