जात्याची घरघर आणि कॉलरमाईक

गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव, आणि जनाबाई म्हटलं की जातं आलंच. त्याच तालुक्यातल्या एका घरी ओव्या ध्वनिमुद्रित करायला गेलो, तेव्हा आजींच्या पदराला बिनतारी कॉलरमाईक लावून मी निर्धास्त झालो. रात्री ऐकलं तर शब्द न् शब्द स्वच्छ, पदराची खसखस आणि बांगड्यांची किणकिणही स्वच्छ. जातं मात्र शेजारच्या घरात असावं तसं. ओवी ज्या फेऱ्यावर चालते, तो फेराच हरवला होता.

कारण साधं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. कॉलरमाईकपासून तोंड वीतभर आणि जातं हातभर लांब. माईक तोंडाचंच ऐकणार. भाषणाला, मुलाखतीला हेच हवं असतं. ओवीला नाही.

दुसऱ्या खेपेला दोन माईक घेतले. एक पदराला, पण चोळीच्या शिवणीशी चिकटवून आणि तारेला छोटा वळसा देऊन, म्हणजे घासणं कमी होतं. दुसरा स्टिरिओ, जात्यापासून दोन हातांवर, गोधडीवर ठेवलेल्या स्टँडवर. नाहीतर शेणानं सारवलेल्या भुईतून थरथर थेट माईकमध्ये चढते. रेकॉर्डरवर ८० किंवा १०० हर्ट्झखालचा आवाज कापणारं बटण असतं. सवयीनं ते दाबलं जातं. बाईच्या आवाजाचा पाया साधारण २०० हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे हेडफोनवर गळ्याला धक्का लागलेला कळतच नाही. दगडाची खोल गुरगुर तेवढी जाते. इथं ते बंदच ठेवावं.

आणखी एक गोष्ट आजींनी शिकवली. चाचणीसाठी नुसतंच जातं फिरवायला सांगितलं, तर म्हणाल्या, “मोकळं जातं फिरवू नाही बाबा, दगडाला दगड लागतो.” मूठभर ज्वारी वैरली आणि करकर थांबून भरीव घरघर सुरू झाली. ज्वारी ‘परभणी मोती’, इथल्याच कृषी विद्यापीठाचं वाण. आवाजाची पातळी धान्य घातल्यावरच ठरवावी. सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की पुढच्या चढ्या ओवीला जागा उरते. आता ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर आले आहेत, पण ट्रान्समीटरमध्येच आवाज फाटला तर तेही काही करू शकत नाहीत.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. आज २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला साधारण एक जीबी लागतो. म्हणजे तेवढे तास नखाएवढ्या १२८ जीबी कार्डात मावतील. गिरणीनं जाती थांबवली, त्या गळ्यांचं वय झालं. आता सामान हाताशी आहे, ते घेऊन त्या बायांपुढं बसायला हवं, एवढंच मला तळमळीनं वाटतं.

बिनतारीचं खरं दुखणं गर्दीत कळतं. स्वस्त संच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि तीच लहर वायफायची, ब्लूटूथची. फेब्रुवारीत परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात हजारो मोबाइल जमतात, तिथं आवाज तुटतो. ही लहर पाण्यात मुरते, आणि माणूस म्हणजे बहुतांश पाणीच. म्हणून रिसीव्हर डोक्याच्या वर धरावा, ट्रान्समीटरवरच वेगळी नोंद होत असेल तर ती सुरू ठेवावी.

तरी कॉलरमाईक मी टाकलेला नाही. त्या दिवशी दळण संपलं. स्टँडवरचा माईक मी आवरत होतो. आजी उठून पलीकडं गेल्या, सुपात पीठ भरता भरता स्वतःशीच गुणगुणू लागल्या. अर्धा तास आठवत नसलेली माहेरची ओवी होती ती. पदरावरचा लाल दिवा अजून चालू होता.