कष्टाची जमीन

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतं. गणपतीला येतं, मे महिन्यात येतं आणि सुट्टी संपली की निघून जातं. आमच्या घरातून गेले ते माझे बाबा. ते चाळीस वर्षं मुलुंडला राहिले. तिथे त्यांनी काय केलं, ते मला फार उशिरा कळलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

बाबांचा जन्म १९३८ सालचा, देवगड तालुक्यातला. घरची भातशेती होती, पण जमीन दुसऱ्याची. आजोबा कूळ. पिकलेल्या भातातून खंड मोजून दिला की उरलेलं शिमग्यापर्यंतसुद्धा पुरत नसे. सातवी झाल्यावर बाबांनी शाळा सोडली, गुरं राखली, नांगर धरला. १९५६ साली वळकटी घेऊन ते आगबोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले. कोकण रेल्वे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

मुलुंड त्या वेळी मुंबई महापालिकेत नव्हतं. ते १९५७ साली आलं. आग्रा रोडच्या कडेनं कारखाने उभे राहत होते. गावच्या एका माणसाच्या ओळखीनं बाबांना एका कारखान्यात काम मिळालं. चाळीच्या एका खोलीत आठजण राहायचे. रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर दिवसपाळीवाल्यानं अंग टाकायचं.

त्याच १९५७ साली, १ एप्रिलला, कुळकायद्यानं 'कसेल त्याची जमीन' झाली. पण वाचकहो, जमीन फुकट मिळाली नव्हती. न्यायाधिकरण किंमत ठरवून देई आणि कुळानं ती हप्त्यांनी भरायची असे. हप्ते थकले तर खरेदीच रद्द होण्याची भीती. आजोबांकडे रोख पैसा कुठला? म्हणून दर महिन्याला मुलुंडहून मनीऑर्डर यायची. खालच्या कागदावर बाबांच्या अक्षरात एकच ओळ असायची, 'हप्त्याचे पैसे वेगळे ठेवावेत.' आई ते तांदळाच्या मडक्यात पुरून ठेवी.

एक वर्ष फार वाईट गेलं. कारखान्यात संप झाला आणि तो लांबला. पगार बंद, हप्ता तोंडावर. आईनं पाटल्या गहाण टाकल्या. बाबांनी पत्रात लिहिलं होतं, 'इकडे सर्व ठीक.' ते रात्री आग्रा रोडवर ट्रकांचा माल उतरवत होते आणि एकवेळच जेवत होते, हे आम्हाला पुढे त्यांच्या खोलीतल्या सोबत्यानं सांगितलं. हप्ता मात्र वेळेवर भरला गेला.

शेवटचा हप्ता फिटला आणि खरेदीचं प्रमाणपत्र हातात आलं, तेव्हा आजोबांनी ते कपाळाला लावलं. म्हणाले, "झिला, ह्या भाताचो खंड आता कोणाक देवचो नाय." बाबा तिसऱ्या दिवशी कामावर परत गेले.

१९९६ साली ते निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड मिळाला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार धरून ग्रॅच्युइटी मिळाली. मुलुंडला खोली घ्या, असं सगळे सांगत होते. बाबा गावी आले. पहिल्या पावसात त्यांनी जोत धरलं, तर तास वाकडं गेलं. बांधावरचा शेजारी हसला. बाबाही हसले, पण संध्याकाळी पडवीत गप्प बसून राहिले. ज्या जमिनीसाठी चाळीस वर्षं घातली, तिच्यात नांगर सरळ चालवायला त्यांना पुन्हा शिकावं लागलं. तिसऱ्या वर्षी त्यांचं तास सरळ येऊ लागलं.

२०११ साली ते गेले. मुलुंडला त्यांच्या कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत. गावी मात्र त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात मनीऑर्डरची प्रत्येक पावती, हप्त्याची प्रत्येक पावती आणि ते प्रमाणपत्र आहे. वारसनोंदीच्या वेळी एका नातेवाइकानं हरकत घेतली, तेव्हा हाच डबा आमच्या कामी आला. सातबारावर आज आईचं, भावाचं आणि माझंही नाव आहे.

म्हणून एवढंच सांगते. कुळकायद्यानं मिळालेली जमीन असेल, तर प्रमाणपत्र शोधून ठेवा आणि त्याप्रमाणे फेरफार झाला आहे का, ते तलाठ्याकडे पाहून घ्या. वडील गेले असतील तर वारसनोंद लांबवू नका. त्यात आईचं नाव राहू देऊ नका, आणि लेकींचंही. आणि यंदा गणपतीला तुमचा मुंबईकर घरी आला, की त्याला नुसतं पाहुण्यासारखं बसवू नका. त्याला शेतावर न्या. बांध दाखवा. त्या जमिनीत त्याचाही घाम आहे, फक्त तो दुसरीकडे गळला आहे.