अंतर एक, वेळा अनेक

मुंबई आणि लंडन यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते निघत नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलावरच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा, कंस मोजावा लागतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे (त्रिज्या विषुववृत्ताशी ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७), पण तिला नितळ गोल मानले तरी उत्तर साधारण अर्ध्या टक्क्यापलीकडे चुकत नाही. तेव्हा किलोमीटरच्या आकड्याबद्दल वाद नाही. घोळ सुरू होतो तो त्याला विमानाच्या वेगाने भागून तास काढताना. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो आणि दहा-अकरा किलोमीटर उंचीवरची हवा स्वतःच पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असते.

जाताना वाऱ्याने अडवले तरी येताना तोच वारा ढकलतो, म्हणजे फिटंफाट, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा ताशी १०० धरला, तर लंडनला जायला ९ तास, परतायला ७ तास १२ मिनिटे. एकूण १६ तास १२ मिनिटे. वारा नसता तर १६ तासच लागले असते. अडवणारा वारा जास्त वेळ अडवतो आणि ढकलणारा कमी वेळ ढकलतो, म्हणून ही १२ मिनिटे कधीच वसूल होत नाहीत. याच वाऱ्याचा फायदा घेत २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरने वाढली, तरी विमान आधीपेक्षा लवकर पोहोचू लागले!

वाऱ्याइतकीच सरहद्दही आडवी येते. मुंबई–लंडनची सर्वांत जवळची रेषा पाकिस्तान, इराण आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले. रशियाचे आकाश युरोपीय विमानांना मिटल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून जवळपास तेरा तासांवर गेला. शहरे जागच्या जागीच होती.

मग किलोमीटर मोजायचेच कशाला? वेळापत्रकातले तास पुरेत की! पण त्या तासांत धावपट्टीपर्यंतचे रांगणे आणि उशिरासाठी राखलेली मोकळीकही मिसळलेली असते, शिवाय ते हंगामागणिक बदलतात. हक्काच्या हिशेबाला न हलणारे माप लागते. म्हणूनच युरोपीय संघाचा २००४ चा नियम रद्द झालेल्या विमानाची भरपाई बृहद्वृत्तावरच्या अंतराने ठरवतो. ती तासांवर बेतली असती, तर त्याच दोन शहरांमध्ये पश्चिमेला निघालेल्या प्रवाशाला एक रक्कम मिळाली असती आणि पूर्वेला निघालेल्याला दुसरी.