गळत्या तेलाचा माग

जुन्या विलायती स्पोर्ट्स कारच्या धन्याला गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाकडून जी पहिली लेखी ताकीद पोहोचते, ती बहुधा स्टिल्टखालच्या फरशीवर पसरत चाललेल्या काळ्या डागाबद्दलची असते. आणि मुलुंड-घाटकोपरकडे, जेथे दोन मोटारींच्या मधून माणसाने अंग चोरून जावे इतकीच जागा उरली आहे, तेथे ताकीद देणाऱ्यालाही सर्वस्वी दोष देता येत नाही. ताकीद हाती पडताच धनी गॅरेज गाठतो आणि मिस्त्रीला फर्मावतो, ‘मागचे सील गेले आहे, तेवढे बदलून टाका.’ पुढच्या बऱ्याचशा अनाठायी खर्चाचे मूळ या फर्मानातच असते. कारण थेंब जेथे पडतो ते स्थळ आणि तेल जेथून सुटते ते स्थळ एकच असण्याचा योग विरळा, आणि इंजिनाच्या पुढच्या, वरच्या अंगाला सुटलेले तेल पंख्याच्या व धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे रेटले जाऊन, सांध्यासांध्यांतून वाट काढीत, अखेर क्लचच्या घराच्या तळाशी येऊन ठिबकते.

विलायती म्हटली तरी ही मोटार आपल्याकडच्या मिस्त्रीला वाटते तितकी परकी नाही. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन येथे १९२९ पासून १९८० पर्यंत एम. जी. मोटारी तयार होत असत. त्यांपैकी १९५५ साली निघालेल्या ‘एमजीए’ या दोन आसनी गाडीत १४८९ घनसेंटिमीटरचे जे ‘बी सिरीज’ इंजिन होते, त्याच घराण्याचे व त्याच मापाचे इंजिन उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने आपल्या अॅम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे चालविले. १९६२ च्या ‘एमजीबी’तले १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन हे मापाने त्याचे थोरले भावंड. ट्रायम्फ स्पिटफायर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड यांचेही नाते असेच सख्खे आहे. शिवाय खुद्द उपनगरात, कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून आधी फियाट व पुढे पद्मिनी बाहेर पडत असे, आणि ही पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींच्या ताफ्यातून ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरती निवृत्त होईपर्यंत तिने बिडाचे इंजिन, कॉर्कचे पॅकिंग आणि कार्बोरेटर यांची विद्या शहरातल्या मिस्त्र्यांच्या हातात जिवंत ठेवली. अंधेरीतल्या एमजीला अडचण पडते ती सुट्या भागांची. तिची नाडी जाणणारा वस्ताद मात्र अजून सापडतो.

असा वस्ताद पाना हाती घेण्यापूर्वी डिझेल आणि ब्रश घेतो. वर्षानुवर्षांच्या मळीने माखलेल्या इंजिनावर गळतीचा शोध घेणे म्हणजे भर चिखलात पावलाचा ठसा ओळखणे होय. म्हणून प्रथम इंजिन, त्याच्या तळाचे तेलाचे चेंबर, गिअरबॉक्स ही सारी खालून वरून धुऊन, पुसून कोरडी करावी, संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी चांगली तापेपर्यंत पवईपर्यंत चालवून आणावी आणि मग विजेरी घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरवर उमटलेली ओली रेघ खालून वर चढत जात जेथे संपते, म्हणजे जेथे सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओलावा दिसतो, तेथे मूळ. एवढ्याने भागले नाही तर तेलात मिसळण्याचा रंग मिळतो. तो अतिनील दिव्याखाली पिवळा-हिरवा चमकतो.

दरम्यान खाली पुठ्ठा अंथरून जे थेंब जमा होतात त्यांचीही साक्ष घ्यावी. डिफरन्शिअलच्या तेलाला गंधकाचा उग्र वास येतो. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचेच तेल घालतात, त्यामुळे वासावरून दोहोंचा निवाडा होत नाही. परंतु गिअरबॉक्समध्ये ज्वलन नसल्याने तेथले तेल मधाच्या रंगाचे राहते आणि इंजिनातले काजळते. थेंब मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला असून तो गाडीचा रंग उडवीत असेल, तर ते तेल नव्हेच, ब्रेकचा द्रव आहे. मग इतर सर्व तजवीज बाजूला ठेवून गाडी जागची हलवू नये.

मूळ सापडले तरी त्याचे कारण सापडले असे होत नाही, आणि धनीच काय, पण घाईतले मिस्त्रीही येथेच चुकतात. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरत असतो. त्याला बाहेर पडण्यासाठी ब्रीदरची नळी ठेवलेली असते. ती तुंबली की आतला दाब वाढतो, आणि नवे कोरे पॅकिंग घातले तरी तेल त्याच्या कडेने बाहेर रेटले जाते. आमच्या दमट हवेत, बोरीवली स्टेशनापर्यंत जाऊन परतणाऱ्या, कधी पुरती न तापणाऱ्या गाडीच्या तेलात पाण्याची वाफ मिसळून दुधट साय धरते. तीच साय ब्रीदरच्या जाळीत बसते. ज्या इंजिनाचा ब्रीदर कार्बोरेटरला जोडलेला आहे त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा. तो आत ओढला गेला तर ब्रीदर ठीक, फुगून वर आला तर एक तर जाळी तुंबलेली आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. जाळी पेट्रोलने धुण्यास काही खर्च नाही, आणि कित्येक गळत्यांचा फैसला तेवढ्यानेच होतो.

उरलेल्या गळत्यांपैकी पुष्कळशा पत्र्याच्या झाकणांच्या असतात. बी सिरीज इंजिनाच्या एका कुशीला टॅपेटांची दोन झाकणे आहेत, माथ्यावर एक मोठे झाकण आहे, आणि या सर्वांखाली कॉर्कचे पॅकिंग. तेल गळते असे दिसताच बोल्ट आणखी आवळण्याचा मोह होतो. आवळल्याने भोकाभोवतीचा पत्रा वाटीसारखा आत दबतो, कॉर्क चिरडते, झाकणाची कड उचलली जाते आणि गळती दुणावते. कुशल हात झाकण काढून काचेवर पालथे ठेवतो, खालून उजेड कोठे दिसतो ते पाहतो, मग लोखंडी ठोकळ्यावर धरून गोल तोंडाच्या हातोडीने दबलेला भाग हलके हलके बसवितो व पुन्हा काचेवर पारखतो. पेठेत पडून सुकलेले, आखूड झालेले कॉर्क कोमट पाण्यात भिजवले की पुन्हा मापावर येते. यानंतर बोल्ट बेताने, नुसत्या मनगटाच्या जोराने आवळायचे.

या मेहनतीला फाटा देऊन काळे सिलिकॉन फासण्याची रीत अलीकडे फार बोकाळली आहे, आणि ती मला साफ नापसंत आहे. बाहेर जेवढे सिलिकॉन ओघळलेले दिसते तेवढेच आतही ओघळलेले असते. त्याचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात, तेल ओढणाऱ्या जाळीवर बसतात आणि फरशीवरचा डाग वाचविण्याच्या नादात बेअरिंगा उपाशी मरतात. त्यापेक्षा तेलाच्या फिल्टरची रबरी रिंग बदलताना जुनी रिंग खाचेत चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्याने होणारी गळती भल्याभल्यांना चकविते.

आता ते मागचे सील. एमजीएच्या आणि १९६२ ते १९६४ या काळातल्या एमजीबीच्या क्रँकला मागच्या टोकाशी रबरी सील मुळी नाहीच. म्हणजे धन्याने जे बदलण्याचे फर्मान काढले ती वस्तू त्या इंजिनात अस्तित्वातच नसते! तेथे क्रँकवरच मळसूत्री खाच कोरलेली आहे. क्रँक फिरू लागली की ती खाच मागे येऊ पाहणारे तेल पुन्हा चेंबरकडे सारते, परंतु इंजिन थांबताच हा बंदोबस्तही थांबतो आणि खाचेत राहिलेले तेल सावकाश बाहेर येते. गाडी उभी केल्यावर पडणारे एकदोन थेंब ही रचनाकारांनी पत्करलेलीच गोष्ट होती. याचा पुरावा क्लचच्या घराच्या तळाशी आहे: तेथे एक भोक असून त्यात एक कॉटर पिन सैल अडकवलेली असते, ती गाडीच्या हादऱ्यांनी हलत राहून भोक मोकळे ठेवते. एखादा टापटिपीचा भोक्ता ते भोक एमसीलने बुजवतो, फरशी काही दिवस स्वच्छ राहते, आणि मग आत साचलेले तेल क्लच प्लेटवर चढून पवईच्या चढावर इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे जात नाही.

गळती थेंबांची असेल तर ती चालू द्यावी. धार लागत असेल, किंवा तेलाची पातळी शंभर-दोनशे किलोमीटरांत मोजपट्टीवर उतरलेली दिसत असेल, तरच क्रँकपर्यंत जावे. पातळ आधुनिक तेलाऐवजी या इंजिनांना मानवणारे २०डब्ल्यू-५० वापरल्यानेही थेंब कमी होतात. खाली पत्र्याचे तबक ठेवावे. पावसाळ्यात हेच तेल पाण्यावर तरंगत फाटकाबाहेर गेले तर दुचाकीस्वार घसरतो. तबकातले तेल गटारात ओतू नये, कारण वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून परवानाधारक संकलकाकडे द्यावे. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावेच लागते; तो दिवस उजाडेपर्यंत मागच्या थेंबाथेंबाच्या गळतीला हात लावू नये, आणि उजाडला की क्लच प्लेट, थ्रस्ट बेअरिंग, गिअरबॉक्सचे पुढचे सील व चेंबरचे पॅकिंग यांचा हिशेब एकाच मजुरीत उरकून घ्यावा.