'काव्यफुले' आणि आजचे वास्तव

सावित्रीबाई फुले यांचे शैक्षणिक कार्य आपणांस परिचित आहे. प्रस्तुत घटकात त्यांच्या कवितेचा विचार करावयाचा आहे. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाईंचे शिक्षण विवाहानंतर झाले. त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक मानले जाणारे केशवसुत यांचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी झाला, हे येथे लक्षात घ्यावे.

माणूसपणाचा प्रश्न

'पिवळा चाफा', 'जाईचे फूल' यांसारख्या निसर्गकवितांबरोबरच या संग्रहात समाजचिंतनपर कविता आहेत. 'तयास मानव म्हणावे का?' या कवितेचे शीर्षकच प्रश्नार्थक असून तोच प्रश्न ध्रुवपदासारखा पुन्हा पुन्हा येतो. बुद्धी असूनही जो ती वापरत नाही, ज्याला ज्ञानाची ओढ नाही, त्याच्या माणूसपणाविषयीच कवयित्री शंका घेते. विद्या हे येथे केवळ उपजीविकेचे साधन राहत नाही. हा प्रश्न राज्यकर्त्यांना नव्हे, तर थेट वाचकाला विचारलेला आहे.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या कायद्याने ६ ते १४ वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. कायदा शाळेचे दार उघडतो. शिकण्याची ओढ मात्र कायद्याने निर्माण होत नाही. संसार, शेती, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला या कवितेचा अर्थ स्वानुभवातून उमगेल.

'इंग्रजी माऊली' : एक अवघड कविता

१८४८ मध्ये डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. त्याच वर्षी पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. ज्या सत्तेने राज्य घेतले, तिच्याच काळात शूद्रातिशूद्रांना व स्त्रियांना विद्येची वाट दिसली. या विसंगतीच्या पार्श्वभूमीवर 'इंग्रजी माऊली' वाचावी. तिला केवळ राजनिष्ठेची कविता म्हणणे अन्यायाचे ठरेल. आजच्या इंग्रजी माध्यमाच्या समर्थनार्थ ती जशीच्या तशी पुढे करणेही योग्य नाही. ही इंग्रजीची स्तुती मराठीतच लिहिलेली आहे. ज्ञानाची भाषा कोणाला मिळते आणि कोणाला नाकारली जाते, हा या कवितेमागील मूळ प्रश्न आहे. भाषा आणि शिक्षण यांविषयीच्या आजच्या राजकीय वादांतही तो अनुत्तरित आहे.

जुनी कविता आजची उत्तरे देत नाही. आपले प्रश्न किती जुने आहेत, हे ती दाखवून देते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'तयास मानव म्हणावे का?' या कवितेतील शिक्षणविचार स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील शाळेच्या माध्यमाच्या निवडीसंदर्भात 'इंग्रजी माऊली' या कवितेची चर्चा करा.