जोतिबाच्या वाटेवरचं पाऊल

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर ‘चांगभलं’चा गजर होतो आणि कोल्हापूरच्या पंचक्रोशीतून, सांगली-साताऱ्याकडून माणसं पायी डोंगर चढतात. आषाढी एकादशीला हेच शहर दिंडीबरोबर नंदवाळची वाट धरतं. चालण्यावर असा जीव असणाऱ्या मुलखानं स्वतःची चाल ओळखायला हवी. ती अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे बिघडू लागली तरी चटकन ध्यानात येत नाही.

सपाटीची काटकसर

एक टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक चक्र पूर्ण होतं. नेहमीच्या वेगात त्याला साधारण एक सेकंद लागतो. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. त्यामुळे प्रत्येक चक्रात दोनदा, क्षणभर का होईना, दोन्ही पाय एकदम टेकलेले असतात. धावताना हा क्षण उरत नाही.

टेकलेला पाय बराचसा ताठ राहतो आणि धड त्याच्यावरून कमानीसारखं पुढे जातं. शरीराचा गुरुत्वमध्य दर पावलाला चार-पाच सेंटीमीटर वर-खाली होतो. वर जाताना वेग थोडा घटतो, खाली येताना उंचीचं रूपांतर पुन्हा वेगात होतं. झोपाळ्यात चालते तशीच ही ऊर्जेची देवघेव. मध्यम वेगात गुरुत्वमध्य हलवायला लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून जास्त भाग अशा रीतीनं परत मिळतो. नवं पाऊल टेकताना जे गमावलं जातं, ते मुख्यतः पोटरीचे स्नायू मागच्या पायाला रेटा देऊन भरून काढतात. ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास दर किलोमीटरचा खर्च सर्वांत कमी असतो. फार रेंगाळलं किंवा फार घाई केली, तर तो वाढतो.

पाय हवेत असताना गुडघा सुमारे ६० अंशांत दुमडतो. एवढं करूनही बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वरून जातात. पदपथावरची उचललेली एखादी फरशी वयस्कर माणसाला पाडते, ती याचमुळे. त्याच वेळी टेकलेल्या पायाच्या बाजूचे कुल्ह्याचे स्नायू कंबर सावरून धरतात. ते कमजोर झाले की हवेतल्या पायाकडे कंबर झुकते आणि चाल डुलू लागते.

चढ, उतार आणि सासनकाठी

डोंगराला लागलं की ही काटकसर संपते. प्रत्येक पावलाला शरीर नव्यानं उचलावं लागतं आणि भार मांड्या व नितंबांच्या स्नायूंवर येतो. दहा मीटरमागे एक मीटर चढ असला, तरी खर्च दुपटीच्या घरात जातो. उतरताना दम लागत नाही, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच वजन रोखून धरावं लागतं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या बहुधा या उतारामुळे.

जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी ही उंच काठी पेलणाऱ्याचं कसब तर अभ्यासण्यासारखं आहे. उंच काठीमुळे माणूस आणि काठी यांचा एकत्रित गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जरासा कल गेला तरी तोल जाऊ शकतो. म्हणून पावलं आखूड पडतात आणि पायांत अंतर राहतं. वरच्या भागाला बांधलेले दोर चोहोबाजूंनी धरलेले असतात. ओढ पायथ्यापासून लांब लागत असल्यानं थोड्या जोरातही मोठा कल सावरता येतो. तरफेचा हा नियम भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी जपला आहे.

पाऊल आणि पायताण

पावलात २६ हाडं असतात. टाच उचलली की बोटं वर वाकतात, तळव्याखालचा जाड पट्टा ताणला जातो आणि पावलाची कमान घट्ट होते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही यंत्रणा मांडली. त्यामुळे टेकताना सैल असलेलं पाऊल रेटा देण्याच्या वेळी कणखर होतं.

नवरात्रात अनेक कोल्हापूरकर अनवाणी राहतात. बुटांपेक्षा अनवाणी चालताना पावलं सहसा आखूड पडतात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेला मागे पट्टा नसतो. टाच मोकळेपणानं उचलली जाते आणि चप्पल धरून ठेवण्याचं काम अंगठा आणि वरचा पट्टा करतात. म्हणून माप नेमकं हवं. ढिली चप्पल बोटांनी आवळून धरावी लागते आणि चाल अवघडते.

घरातल्या मोठ्यांची चाल

वयानुसार पोटरीचा रेटा कमी होतो, पाऊल आखूड होतं आणि दोन्ही पाय टेकलेले असण्याचा वेळ वाढतो. चालण्याचा वेग प्रकृतीबद्दल बरंच सांगतो. सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी वेग हा स्नायू क्षीण झाल्याचा इशारा असू शकतो. घरातच चार मीटर अंतर मोजा आणि आजी-आजोबांना नेहमीच्या चालीनं चालायला सांगा. पाच सेकंद किंवा जास्त लागले, तर ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं अशा साध्या व्यायामांनी उतारवयातही स्नायूंची ताकद वाढवता येते.